सर्व्हर बंद, मुदत चालू

30 डिसेंबर 2020, 2 डिसेंबर 2022 आणि 17 नोव्हेंबर 2025. तिन्ही तारखा उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसाच्या. पहिली राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुकीतली, दुसरी 7,751 ग्रामपंचायतींच्या आणि तिसरी 246 नगरपरिषदा व 42 नगरपंचायतींच्या. या तिसऱ्या यादीत पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या दोन्ही नगरपरिषदा होत्या. तिन्ही वेळा अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा होता. तिन्ही वेळा मुदत संपत आली तसा संकेतस्थळावरचा भार वाढला, तक्रारी वाढल्या, आणि अखेरच्या टप्प्यात आयोगानं कागदी अर्ज स्वीकारायला मुभा दिली. ग्रामपंचायतींच्या दोन्ही खेपेला शेवटच्या दिवशीची वेळ साडेपाचपर्यंत वाढवली. नगरपरिषदांच्या वेळी रविवारीही अर्ज घेतले. हा निर्णय तिन्ही वेळा योग्यच होता. पण पाच वर्षांत तीनदा आलेली अडचण अचानक उद्भवली असं म्हणता येत नाही, आणि तीनदा दिलेलं एकच उत्तर 2025 मध्येही वेगळा आदेश काढूनच द्यावं लागलं. तो आदेश निघेपर्यंत गावोगावचे उमेदवार, सूचक आणि महा ई-सेवा केंद्राचे चालक रात्री उशिरापर्यंत पडद्यावरचं चक्र फिरताना पाहत बसले होते, हेही या हिशेबात धरायला हवं.

गेल्या दहा-बारा वर्षांत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतला सरकारी कारभार जवळजवळ पूर्ण दूरच्या सर्व्हरवर गेला. त्या काळाकडे मागे वळून पाहताना माझं म्हणणं एवढंच आहे की, सर्व्हर बंद पडण्याकडे आपण अवकाळी पावसासारखं पाहत आलो. आला, गेला, मुदत थोडी वाढवली, विषय संपला. बिघाड केव्हा सुरू झाला, किती वेळ टिकला, कोणाचं काय अडलं याची नोंद नागरिकाला दिसेल अशी ठेवली गेली नाही. आणि बिघाडाच्या काळात कायद्याचं घड्याळ थांबवायचं की नाही, हे आधी लिहून ठेवलं गेलं नाही. यंत्रं सुधारली, क्लाऊड आला, मनुष्यबळही काही प्रमाणात वाढलं. या दोन गोष्टी मात्र जिथल्या तिथे राहिल्या. माझ्या मते त्या तांत्रिक नाहीत, प्रशासकीय आहेत. म्हणून त्या नुसत्या नव्या सर्व्हरनं सुटणार नाहीत.

हे स्थलांतर कसं झालं ते थोडक्यात पाहू. 2008 मध्ये केंद्रानं भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2012 मध्ये दस्तनोंदणी आय-सरिता या केंद्रीय प्रणालीवर गेली. मग ई-फेरफार आलं आणि हस्तलिखित सातबारा मागे पडला. 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन करून संगणकीय सातबारे लोकांना वाचून दाखवले, चुका दुरुस्त केल्या. 1 मे 2018 ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीनं पेऱ्याची नोंद शेतकऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर आणली. रेशन दुकानात ई-पॉस आलं, पीकविमा पोर्टलवर गेला, दाखले ‘आपले सरकार’वर गेले. यात मिळालेलं कमी लेखण्याचं कारण नाही. 15 रुपयांत घरबसल्या सातबारा मिळतो, त्यासाठी तालुक्याचा हेलपाटा पडत नाही, ही ज्यानं जुने दिवस पाहिले त्याला मोठी गोष्ट वाटते आणि ती तशी आहेच.

या दोन तालुक्यांत हा भार साधा नाही. शिरूरच्या बाजूला रांजणगावची औद्योगिक वसाहत, सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर असा पुणे-नगर रस्त्याचा सगळा पट्टा. दौंडच्या बाजूला कुरकुंभची रासायनिक वसाहत आणि सोलापूर रस्त्यावरची यवत, केडगाव, पाटस ही गावं. जमिनीला भाव आला की खरेदीखतं वाढतात, वाटण्या होतात, बोजे चढतात आणि उतरतात. दुसरीकडे चासकमानच्या आणि खडकवासल्याच्या कालव्यांवरची बागायत, ऊस, कांदा, केडगाव भागातली गुऱ्हाळं. उसाला कर्ज हवं, कर्जाला सातबारा हवा, सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. एकाच शेतकऱ्याला एका वर्षात चार-पाच वेगवेगळ्या पोर्टलवर जावं लागतं आणि प्रत्येकाची आपापली शेवटची तारीख असते.

एक फेरफार जवळून पाहिला की हे प्रकरण कुठे अडतं ते कळतं. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवायचं तर आधी ई-चलनानं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरायची, म्हणजे शासनाची जमा-प्रणाली चालू हवी. दस्ताचा मजकूर आय-सरितामध्ये चढायला हवा. लिहून देणारा, घेणारा आणि साक्षीदार यांची आधारवरून ओळख पटायला हवी, अंगठे आणि फोटो उठायला हवेत. दस्त नोंदला की माहिती ई-फेरफारमध्ये तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जाते. त्यानं डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल लावून नोंद धरायची, नमुना नऊची नोटीस काढायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं आणि मग मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर करायची. पहिल्या दिवशीच्या कामात जमा-प्रणाली, आय-सरिता, आधार आणि ई-फेरफार अशा निदान चार यंत्रणा एकापाठोपाठ चालाव्या लागतात. प्रत्येक यंत्रणा शंभरातले नव्याण्णव तास चालते असं उदाहरणासाठी धरू. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण चारही एकाच वेळी चालू असण्याचं प्रमाण शंभरात साधारण शहाण्णवच भरतं. साडेआठ तासांचे बावीस कामाचे दिवस धरले तर महिन्याला सातेक तास, म्हणजे जवळपास एक पूर्ण दिवस, खिडकीवर काम होत नाही. आणि यातल्या एकाही यंत्रणेचा अधिकारी खोटं बोलत नसतो. प्रत्येकाच्या अहवालात नव्याण्णवच लिहिलेलं असतं. शिरूरला आलेला माणूस मात्र मुंबईहून मुलाला बोलावून, चार साक्षीदारांची मजुरी बुडवून आलेला असतो. त्याच्यासाठी चौघांपैकी कोण बंद आहे याला अर्थ नसतो.

म्हणून देखरेख कुठून करायची हा पहिला प्रश्न. डेटा सेंटरमधून पाहिलं तर सर्व्हर चालू दिसतो. त्याला विचारलं तर तो ‘आहे’ म्हणतो, लॉगिनचं पानही उघडतं. पण ओटीपी येत नाही, किंवा पैसे कापले जातात आणि पावती निघत नाही. या फसगतीचा जगप्रसिद्ध दाखला 28 फेब्रुवारी 2017 चा आहे. अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या साठवणूक सेवेत एका आज्ञेतल्या चुकीनं हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले आणि इंटरनेटवरच्या अनेक सेवा अडखळल्या. पण सेवांची स्थिती दाखवणारा कंपनीचा फलक त्याच साठवणूक सेवेवर अवलंबून होता, त्यामुळे बराच वेळ तो बदलताच येईना आणि कंपनीला ट्विटरवरून बिघाड कळवावा लागला. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्याच खांद्यावर पाळत ठेवणाऱ्याला बसवू नये, हा धडा या क्षेत्रातल्या लोकांनी तेव्हाच घेतला. आपल्याकडे त्याचा अर्थ असा की शिरूरच्या तहसील कचेरीतून, दौंडच्या निबंधक कार्यालयातून, एखाद्या गावच्या सेवा केंद्रातून दर पाच-दहा मिनिटांनी एक चाचणीचा सातबारा आपोआप उघडून पाहायचा, एक चाचणीचं चलन काढून पाहायचं आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. याला लागणारी यंत्रसामग्री एका साध्या संगणकापेक्षा जास्त नाही. त्या नोंदी बाहेर कचेरीच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावायच्या.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो की, दोष सर्व्हरचा नसतोच, गावातल्या नेटचा असतो. शिरूरच्या पाबळ-केंदूर भागात किंवा भीमेकाठच्या वाड्यावस्त्यांवर रेंज जाते हे खरं आहे. पण हा आक्षेप तालुक्यातून मोजणी करण्याच्या बाजूचाच आहे. शिरूरची चाचणी नापास आणि दौंडची पास झाली तर दोष वाटेतल्या जोडणीचा; शिरूर, दौंड आणि पुणे तिन्ही ठिकाणी नापास झाली तर दोष वरचा. आज खिडकीवरचा माणूस ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो, वरचा ‘नेट प्रॉब्लेम’ म्हणतो आणि दोघांच्या मध्ये पुरावा काहीच नसतो. खरोखर अडचणीत असलेला तलाठी आणि सबब सांगणारा तलाठी यांच्यातला फरकसुद्धा त्यामुळे पुसला जातो. ई-फेरफारच्या सुरुवातीच्या वर्षांत दिवसा प्रणाली चालत नाही म्हणून अनेक तलाठ्यांनी रात्री जागून नोंदी केल्या. त्यांच्या त्या कष्टांची नोंद कुठल्याही आकड्यात नाही, आणि कोणी आळस केला असेल तर त्याचीही नाही.

दुसरी गोष्ट भाराची. अखेरच्या दिवशी सर्व्हर बसतो तेव्हा ‘लोक आधी का येत नाहीत’ असं विचारलं जातं. काही अंशी ते बरोबर आहे. पण सगळ्यांना एकच शेवटची तारीख देणारी व्यवस्थाच ती गर्दी घडवते, आणि यंत्र मंदावलं की गर्दी आणखी वाढते, कारण प्रत्येक जण पुन्हा पुन्हा बटण दाबतो. 12 एप्रिल 2025 ला यूपीआय काही तास अडखळलं, त्याचं कारण नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं शोधलं तेव्हा काही बँकांच्या यंत्रणा ‘व्यवहार झाला का’ ही विचारणा प्रमाणाबाहेर वेळा पाठवत होत्या असं निघालं. पुढे या विचारणांवर मर्यादा घातली गेली. पीकविम्याच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करत आलो. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला, पोर्टल मंदावलं आणि 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवली. 2024 मध्ये 15 जुलैची 31 जुलै झाली, 2025 मध्ये 31 जुलैची 14 ऑगस्ट. मुदत वाढणार हे लोकांना कळून चुकतं, मग ते शेवटच्या तारखेलाच येतात, आणि ज्याला कळलेलं नसतं तो बाजरी-कांद्याचा बारका शेतकरी आदल्या आठवड्यातच हताश होऊन घरी जातो. यावर उपाय असतो हे याच राज्यानं दाखवलेलं आहे. 2020 च्या सप्टेंबरात मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली, ती 31 डिसेंबरला संपणार होती आणि नोंदणी कार्यालयांवर रांगा लागणार हे उघड होतं. तेव्हा शुल्क भरून दस्त 31 डिसेंबरपर्यंत करा, नोंदणी चार महिन्यांत केव्हाही करा, असं जाहीर केलं गेलं. नोंदणी अधिनियमाच्या कलम 23 मध्ये ही चार महिन्यांची सोय 1908 पासून आहे. हक्क कोणत्या तारखेला उभा राहतो आणि नोंद कोणत्या तारखेला चढते, या दोन तारखा वेगळ्या ठेवल्या की सर्व्हरवरचं ओझं उतरतं. लाडकी बहीण योजनेतही अर्जाची मुदत पुढे गेली तेव्हा 31 ऑगस्ट 2024 पर्यंत अर्ज करणाऱ्या बहिणींचा लाभ 1 जुलैपासूनच धरला. तत्त्व तेच.

कायद्याकडे पाहिलं की ही उणीव अधिक बोचते. 1897 च्या सर्वसाधारण वाक्यांश अधिनियमाचं कलम 10 सांगतं की, एखादं काम ज्या दिवसापर्यंत करायचं त्या दिवशी न्यायालय किंवा कचेरी बंद असेल, तर ती उघडेल त्या पुढच्या दिवशी केलेलं काम मुदतीतच धरावं. म्हणजे दाराला कुलूप असलं तर मुदत थांबते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी मान्य झालं आहे. आज कचेरीचं दार उघडं असतं, पंखा फिरत असतो, कर्मचारी खुर्चीत असतो. बंद असतो तो सर्व्हर, आणि मुदत धावत राहते. जीएसटी आल्यावर उद्योजकांनी हे पुरतं भोगलं. जुन्या करांची जमा नव्या करात ओढण्याचा अर्ज पोर्टलवर भरताच न आल्यानं देशभर खटले उभे राहिले. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पोर्टलच्या कारभारावर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली आणि अखेर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं 1 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर असे दोन महिने ती खिडकी पुन्हा उघडावी लागली. पाच वर्षं गेली. मोठ्या कारखान्याला वकील परवडतो. त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शेडवाल्यानं मात्र तेवढ्या जमेवर बहुधा पाणी सोडलं असणार. राज्याचा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा आहे. ठरल्या दिवसांत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण बिघाडाची अधिकृत नोंदच नसेल तर अधिकाऱ्याला बचाव सिद्ध करता येत नाही आणि नागरिकाला तो बचाव खोडून काढता येत नाही. अपील ऐकणाऱ्यापुढे राहतो फक्त एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द.

याला जोडून गंभीर आक्षेप येतो तो कागदाचा. सातबारा संगणकावर नेलाच मुळी कागदावरच्या फेरफारांमध्ये खाडाखोड होत होती म्हणून, मागच्या तारखेच्या नोंदी घुसडल्या जात होत्या म्हणून. बिघाडाच्या नावाखाली पुन्हा कागद चालू केला तर तीच पळवाट उघडेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. जमिनीच्या भावाकडे पाहता या दोन तालुक्यांत तो अधिकच खरा आहे. पण कागद म्हणजे फसवणूकच असं नाही, आणि याचा पुरावा दौंडमध्येच रोज धावतो. दौंड-मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला आणि तेव्हापासून दौंड हे जंक्शन आहे. रेल्वेचे सिग्नल बिघडतात, स्टेशनांमधली ब्लॉकची यंत्रं बंद पडतात. अशा वेळी काय करायचं हे बिघाड होण्याआधी नियमपुस्तकात लिहिलेलं असतं. सिग्नल उतरत नसेल तर लोको पायलटला ठरलेल्या नमुन्यातलं लेखी अधिकारपत्र मिळतं. यंत्र बंद असेल तर दोन स्टेशन मास्तर ठरलेल्या क्रमानं दुसऱ्या साधनांवर बोलतात आणि गाडी सोडण्याच्या संदेशाला खासगी क्रमांक जोडतात. हे क्रमांक छापील पत्रकावर असतात, ओळीनं वापरायचे असतात, वापरलेला खोडायचा असतो आणि गाडीच्या नोंदवहीत वेळेसह चढवायचा असतो. मधला एखादा क्रमांक मागाहून घुसवायला जागाच राहत नाही. गाडी सावकाश जाते, पण जाते, आणि कोणी कोणाच्या शब्दावर सोडली हे नंतर सांगता येतं.

महसूल आणि नोंदणी खात्याला यातलं काय घेता येईल? सगळं नाही. फेरफार मंजूर करण्याचं काम कागदावर कधीच नेऊ नये. ते सर्व्हर येईपर्यंत थांबू दे. पण ‘हा माणूस या तारखेला, या वेळेला, ही कागदपत्रं घेऊन हजर होता’ एवढी पोच कागदावर देता येते. आधीच छापलेल्या अनुक्रमांकाच्या वहीत, दोन प्रतींत, वेळ घालून, आणि सर्व्हर आल्यावर ठरावीक तासांच्या आत चढवायची. त्या पोचेनं मालकी बदलत नाही, फक्त मुदत वाचते. खाडाखोड करणाऱ्याला त्यात मिळवण्यासारखं फारसं नाही, आणि तालुक्यातल्या चाचणीच्या नोंदीशी ती वेळ ताडून पाहता येते. सर्व्हर चालू असताना दिलेली बिघाडाची पोच तिथेच उघडी पडेल. ही सोय कर्मचारी सबब म्हणून वापरतील, या भीतीलाही याच पडताळणीत उत्तर आहे. रेशनच्या बाबतीत असा विचार आधी झाला असता तर 2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये ई-पॉसच्या बिघाडानं धान्यवाटप रखडल्यावर, महिन्याचा मोठा भाग गेल्यावर, ऑफलाइन वाटपाची परवानगी द्यायची वेळ आली नसती. पोटाच्या धान्याला एवढा उशीर हा नुसता ‘तांत्रिक अडचण’ या शब्दांत मावणारा नाही. उलट ई-पीक पाहणीत शेतात रेंज नसली तरी फोटो आणि माहिती मोबाइलमध्ये साठवून नंतर चढवण्याची सोय ठेवली, हे चांगलं उदाहरण आपल्याच महसूल खात्याचं आहे. तिथे बिघाड गृहीत धरून रचना झाली. पीकविम्याच्या नुकसानीची खबर 72 तासांत देण्याची अट होती, आणि नुकसान म्हणजे मोठा पाऊस, मोठा पाऊस म्हणजे वीज आणि टॉवर दोन्ही गेलेले. तिथे हीच रचना सर्वांत आधी हवी होती.

शेवटचा मोठा आक्षेप असा की, हे सगळं संक्रमणकाळाचं दुखणं आहे. यंत्रणा मोठ्या क्लाऊडवर गेल्या की प्रश्न मिटेल. क्लाऊडनं रोजचे छोटे बिघाड कमी होतात, हे मान्य. पण होतात ते मोठे होतात, कारण हजारो सेवा एकाच पायावर उभ्या असतात. 20 ऑक्टोबर 2025 ला अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात नावांचे पत्ते सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या, एका महत्त्वाच्या सेवेचा पत्ताच कोरा झाला आणि जगभरातल्या बँका, ॲप, संकेतस्थळं बंद पडली. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीला आग लागली. सुरुवातीच्या मोजणीनुसार 647 सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या साठवणीतला 858 टेराबाइट मजकूर गेला, कारण त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. हे जगातल्या सर्वांत पुढारलेल्या डिजिटल सरकारांपैकी एक. आणि आपल्या जवळचं उदाहरण 31 जुलै 2024 चं: सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, ती पुरवत असलेली यंत्रणा पेमेंट जाळ्यापासून तोडावी लागली आणि देशातल्या सुमारे 300 सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार थांबले. सेवा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. ती कंपनी कोण हे त्या बँकांच्या बहुतेक खातेदारांना त्या दिवसापर्यंत माहीतही नव्हतं.

बँकांच्या बाबतीत एक फरक मात्र दिसतो. एचडीएफसी बँकेच्या डिजिटल सेवा वारंवार बंद पडल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेनं 2 डिसेंबर 2020 ला तिच्या नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवली. बंदी पूर्ण उठायला मार्च 2022 उजाडला. यूपीआय किती वेळ बंद होतं हे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन दर महिन्याला प्रसिद्ध करते. अॅमेझॉननं ऑक्टोबरच्या बिघाडाचं कारण तपशिलानं लिहून जगापुढे ठेवलं. वीज किती वेळा आणि किती वेळ गेली याचे निर्देशांक महावितरणला काढावे लागतात. अशी माहिती उघड केली तर घबराट पसरेल किंवा हल्लेखोरांचं फावेल, असं म्हणणाऱ्यांनी या उदाहरणांकडे पाहावं. पैशाच्या आणि विजेच्या यंत्रणा माहिती देऊनही चालतात. सातबाऱ्याची यंत्रणा तितकीच मोलाची आहे. तिच्या बिघाडाचा महिन्याचा हिशेब तालुक्यानुसार छापायला कायद्याची आडकाठी नाही, आणि पुण्यातच बसणाऱ्या जमाबंदी आयुक्त आणि नोंदणी महानिरीक्षक कार्यालयांनी ठरवलं तर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपासून तो सुरूही करता येईल.

हे आता तातडीचं का, तर पुढची पायरी गावच्या सोसायटीची आहे. 29 जून 2022 ला केंद्रानं 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च 2,516 कोटी, आणि सगळ्यांना एकच क्लाऊडवरची प्रणाली. म्हणजे विविध कार्यकारी सोसायटीची खतावणीही आता दूरच्या सर्व्हरवर जाते आहे. पीककर्ज 31 मार्चपर्यंत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. एक दिवस उशीर झाला की सवलत गेली. मार्चअखेरीस ऊसबिलाचे पैसे हातात पडल्या पडल्या सोसायटीत येणारे सभासद या दोन्ही तालुक्यांत हजारोंनी असतील, आणि ते सगळे त्याच आठवड्यात येतील. तिथे नियम आधी लिहायला हवा: सचिवानं रोख किंवा धनादेश घेऊन अनुक्रमांकाची पावती दिली ती तारीख फेडीची तारीख, प्रणालीत नोंद केव्हाही चढो, आणि जिल्हा बँकेनं व्याज सवलतीसाठी तीच तारीख मानायची. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. असा ठराव तिथे मांडून बँकेकडे पाठवायला सभासदांना कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि सप्टेंबरात तो झाला तर मार्चच्या आत बँकेला त्यावर निर्णय घ्यायला सहा महिने मिळतात.